आपल्याकडचे डॉक्टर

इथे, हिंदी मुलखातल्या शंकर नगरात जनावरांचे डॉक्टर आणखीही आहेत. पण एका डॉक्टरांबद्दल बाबा म्हणायचे, "हे आपल्याकडचे, अमरावतीचे. दुसऱ्याकडे काहून जायचं?" म्हणून आमची कुत्री जुली त्यांच्याकडेच जायची.

इतरांशी ते हिंदीत मोजकं बोलत. आमच्याशी मराठीत आणि भरपूर: कोणाच्या पोट्टीचं लग्न जमलं, कोणाची बदली झाली. बोलताना त्यांची बोटं तपासणीच्या टेबलावर ताल धरत. त्याच टेबलावर जुली धापा टाकत असे. तिला त्या बोटांनी कधी चाचपलं नाही.

"डॉक्टर, ती जेवत नाही. पोट फुगलंय," मी एकदा मध्येच म्हटलं.

"गर्मी आहे बेटा. ताक पाज तिले," म्हणून ते बाबांकडे वळले. मी पुन्हा तोंड उघडलं, तर बाबांनी डोळे वटारले.

शेवटी मी एकटीच तिला दुसरीकडे नेलं. त्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवताच गाठ लागली, पण उशीर झाला होता.

मराठी मंडळाच्या गणपतीत आपल्याकडचे डॉक्टर भेटले. "काय म्हणते जुली?"

"गेली," मी म्हटलं.

"अरेरे." प्रसादाचा द्रोण चाटून ते म्हणाले, "दुसरं पिल्लू आणलं तर मलेच दाखवा."

"हव," बाबा म्हणाले, "तुमच्याशिवाय इथे आपलं कोण आहे?"