एलिहियोची तिसरी पायरी

एलिहियो पेगेरो कुलपं उघडायचा. बोका दे मांग्ले गावात कुणाची किल्ली खाडीत पडली, कुणाची बायको रुसून कपाटाला कुलूप लावून माहेरी गेली, की लोक आधी त्याच्या दारात यायचे. दोन तारा आणि एक वाकडा खिळा एवढ्या भांडवलावर त्यानं चार लेकरं वाढवली. पण गावात कुणाला विचाराल की एलिहियो कोण, तर कुलपाचं नावही निघणार नाही. "तो होय? उन्हाच्या गॅलरीतला, तिसऱ्या पायरीवरचा!" असंच उत्तर येईल.

बेसबॉलचं मैदान साखर कारखान्याच्या मागे आहे. सावलीच्या गॅलरीत डॉक्टर, वकील आणि त्यांच्या पंखे हलवणाऱ्या बायका बसतात. उरलेलं गाव उन्हाच्या गॅलरीत. तिथं तिसऱ्या पायरीवर, खांबाला पाठ टेकून, एलिहियो सव्वीस वर्षं बसत आला होता. त्याच्या डाव्या हाताला अपोलिनार मोता, कोपऱ्यावरचा दुकानदार. अपोलिनारनं एलिहियोच्या थोरलीला बाप्तिस्म्याला हातावर धरलं होतं, त्यामुळे दोघं एकमेकांचे कोंपाद्रे, म्हणजे भावापेक्षा जवळचे आणि भांडायला हक्काचे. सव्वीस वर्षं भांडण एकच. अपोलिनार म्हणायचा, पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, बदला. एलिहियो म्हणायचा, राहू द्या. सामना संपायचा, भांडण संपायचं नाही. ते तसंच बोलत बोलत घरापर्यंत यायचं.

गावच्या संघाचं नाव खेकडे. ज्यानं ठेवलं त्याला पुढचं दिसत असावं, कारण हा संघ कधीच सरळ चालला नाही. पुढं जायला निघतो आणि बाजूला सरकतो. यंदा मात्र अघटित घडलं. पहिल्या आठ सामन्यांत सहा जिंकले. गाव पार वेडं झालं. पाद्रीबाबांनी रविवारचं प्रवचन पाव तासानं कमी केलं आणि त्याचं कारण देवाला ठाऊक आहे असं सांगितलं.

मग मोसम अर्ध्यावर आला आणि खेकडे आडवे चालायला लागले. पुढच्या नऊ सामन्यांत आठ हरले. तेही साधेसुधे नाही. एक सामना डावीकडच्या गड्याच्या, चिचाच्या, डोळ्यांत ऊन गेलं म्हणून गेला. एक गेला तो पिचरला गालगुंड झालं म्हणून. एकदा तर मैदानात कोंबडी शिरली आणि आपल्या गड्यानं चेंडूऐवजी तिला पकडलं. झेल उत्तम होता, धाव मात्र समोरच्यांची झाली.

अपोलिनारच्या दुकानासमोर डॉमिनोचं टेबल आहे. गावाची सगळी दुखणी तिथंच तपासली जातात. कुणी म्हणालं प्रशिक्षक कुचकामी, कुणी म्हणालं बॅटचं लाकूड चुकीच्या चंद्राला तोडलंय. मग कुणाला तरी आठवलं की नऊमधला जो एक सामना जिंकला, त्या दिवशी एलिहियो गावात नव्हता. चुलतभावाच्या मयताला गेला होता.

टेबलावर कुणी सोंगटी टाकेना. फुकू हा शब्द त्या गावात मोठ्यानं बोलत नाहीत. ज्याच्या सावलीनं दूध नासतं, होडी बुडते, त्याला फुकू लागलेला असतो. आपल्याकडे अशा माणसाला पांढऱ्या पायाचा म्हणतात. सगळ्यांनी टेबलाखाली बोटांची फुली केली आणि अपोलिनारकडं बघितलं. कोंपाद्रे त्याचा, तेव्हा सांगायचंही त्यानंच.

संध्याकाळी अपोलिनार टोपी हातात घेऊन एलिहियोच्या दारात उभा राहिला. मागे सहा जण होते, तेही एकमेकांच्या आड.

"कोंपाद्रे, रागावू नकोस हं."

"तू अशी सुरुवात केलीस की मी आधीच रागावतो. बोल."

"शनिवारी-रविवारी तू मैदानावर येऊ नकोस."

"का? मैदान बंद आहे?"

"मैदान उघडं आहे रे. तूच बंद आहेस."

एलिहियोला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. "मी? अरे, पहिले सहा जिंकले तेव्हा मी काय झाडावर बसलो होतो?"

"तेव्हा तुझा फुकू झोपला होता," मागून एक जण म्हणाला आणि लगेच दुसऱ्याच्या आड लपला.

एलिहियोची बायको फिओर आत इस्त्री करत होती. तिला बेसबॉलचं काडीचं प्रेम नव्हतं, पण शनिवार-रविवारची दुपार तिची एकटीची होती, ती तिला जिवापाड प्रिय होती. "न्या हो त्याला!" ती आतून ओरडली. "हरा नाहीतर जिंका, पण मला तो घरात नको!"

कुणी ऐकलं नाही. एलिहियोनं मात्र मान खाली घातली. संघाच्या भल्यासाठी म्हटल्यावर तो घरी बसायला तयार झाला.

शनिवारी तो रेडिओला कान लावून स्वयंपाकघरात बसला. खेकडे जिंकले. रविवारी पुन्हा जिंकले. पुढच्या शनिवारी-रविवारीही जिंकले. एलिहियो आनंदानं खुर्चीतून उठायचा आणि उभा राहीपर्यंत त्याचा चेहरा पडायचा. प्रत्येक विजय म्हणजे त्याच्या गळ्यात नवी पाटी होती. गल्ली मात्र त्याच्यावर खूश होती. कुणी तळलेली हिरवी केळी आणून द्यायचं, कुणी नारळाची वडी. दारापर्यंत यायचं, ताटली ठेवायची, बोटांची फुली करायची आणि गोड हसून पळायचं. "खा हो पोटभर, फक्त बाहेर पडू नका!"

त्याची कीर्ती पलीकडच्या गावीही गेली. तिथल्या संघाचं नाव बगळे. खेकडे आणि बगळे यांचं किती पटत असेल ते सांगायला नको. एक दिवस तिकडून मोटार आली. तीन माणसं मिठाईचा डबा घेऊन उतरली. "एलिहियोसाहेब, आमचा तुमच्याशी सामना आहे. तुम्ही यायचंच. सावलीत पहिल्या रांगेत खुर्ची, खाणंपिणं आमच्याकडे. तुम्ही फक्त तुमच्या संघाला मनापासून पाठिंबा द्या!"

एलिहियोनं त्यांना हाकलून दिलं. डबा ठेवून घेतला. त्या दिवसापासून गल्लीनं त्याच्या दारासमोर खुर्च्या टाकून दोन म्हाताऱ्या बायका पहाऱ्याला बसवल्या.

फिओरच्या दुपारींची मात्र माती झाली. नवरा रेडिओशी भांडायचा, चमचे आपटायचा, "पिचर राहू द्या!" असं सांडशीला सांगायचा. मग सवयीनं खांबाला पाठ टेकायला जायचा. तिथं खांब नव्हता, फ्रिज होता.

आणि मग खेकडे पुन्हा हरले. एलिहियो घरात असताना. शनिवारी हरले, रविवारीही हरले. ते सात जण पुन्हा दारात आले.

"कोंपाद्रे, तू रेडिओ ऐकलास का?"

"ऐकला की."

"तिथंच चुकलं! फुकू तारेतून जातो. आता रेडिओ बंद कर. आणि मैदानाच्या दिशेला तोंड करूनही बसू नकोस."

इस्त्रीचा आवाज थांबला. फिओर बाहेर आली, इस्त्री हातातच होती, त्यामुळे सातही जण एक पाऊल मागे गेले.

"अपोलिनार, एक सांग. ते आठ सामने हरले तेव्हा माझा नवरा तिथं होता. बरोबर?"

"बरोबर, कोमाद्रे," अपोलिनार कोंपाद्रेच्या बायकोला म्हणाला.

"आणि हे दोन हरले तेव्हा तो माझ्या डोक्यावर होता. हेही बरोबर?"

"हो, पण—"

"मग तू कुठं होतास? त्या आठांना? आणि या दोन्हींना?"

अपोलिनारनं बोटांवर मोजलं. दहाच्या दहा पराभवांना तो हजर होता. बाकीच्या सहांनीही मनातल्या मनात हिशेब केला. सहाचे सहाही हजर होते. सगळे घरी निघाले. जाताना ते एकमेकांपासून जरा अंतर ठेवूनच चालत होते.

पुढच्या शनिवारी सामना बगळ्यांशी होता. पहाऱ्याच्या म्हाताऱ्याही आल्या नाहीत. त्यांनाही आपापल्या सावलीची शंका येऊ लागली होती. एलिहियोनं टोपी घातली. सगळेच पांढऱ्या पायाचे असतील तर मी एकटाच घरी का बसू, असा त्यानं सरळ विचार केला आणि निघाला.

उन्हाच्या गॅलरीच्या फाटकाला कुलूप होतं. फाटकवाल्याच्या बायकोनं त्याला आठवण करून दिली होती की प्रत्येक पराभवाच्या दिवशी फाटक कुणी उघडलं होतं. म्हणून तोही पांघरूण घेऊन पडला होता. एलिहियोनं खिशातली तार काढली. कुलूप त्यानंच बसवलेलं, लगेच ऐकलं.

आत आला तर गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. सहाशे माणसांची जागा आणि एकटा तो. सावलीच्या गॅलरीत डॉक्टर होते, पण ते ओरडत नाहीत. तिसऱ्या पायरीवर तो खांबाला टेकला. पाठीला ओळखीचा खड्डा लागला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग त्याच्या लक्षात आलं की आज हरलो तर दोष द्यायला दुसरा कुणीच नाही. फुकू त्याचाच, मरेपर्यंत. थडग्यावरसुद्धा लोक फुली करून जातील. पाचव्या डावात बगळे दोन धावांनी पुढे गेले तेव्हा त्याचे पाय आपोआप उठले. आता गेलं तर निदान म्हणता येईल की हरायच्या आधीच मी निघालो होतो. फाटकापर्यंत गेला. तिथून मागं वळून पाहिलं, चिचा डोळ्यांवर हात धरून उन्हात उभा होता आणि रिकाम्या गॅलरीकडे बघत होता.

एलिहियो परत आला. बसला नाही, उभा राहिला. सहाशे लोकांचं ओरडणं एकट्यानं ओरडायचं म्हणजे दमाचं काम. तो या टोकाला शिटी मारायचा, त्या टोकाला धावत जाऊन टाळ्या वाजवायचा, मधे येऊन पंचाच्या आईची चौकशी करायचा. आठव्या डावात बरोबरी झाली. नवव्या डावात त्याचा आवाज बसला होता, नुसतं तोंड हलत होतं. चिचानं बॅट फिरवली आणि चेंडू कारखान्याच्या पत्र्यावर जाऊन वाजला. होम रन!

एलिहियो डावीकडे वळला. "बघ! म्हटलं होतं ना, पिचर राहू द्या!" डावीकडे सिमेंट होतं.

गल्लीनं त्याला खांद्यावर घेतलं. फुकू गेला, उलट पायगुण निघाला! डॉमिनोच्या टेबलावर नवा कायदा झाला, यापुढे उन्हाच्या गॅलरीत फक्त एलिहियो जाईल. बाकी कुणी फिरकायचं नाही. फाटकवाल्यानं किल्लीच त्याच्या हातात दिली. रविवारी तो एकटाच गेला, खेकडे जिंकले. पुढच्या शनिवारी जिंकले.

गावात फटाके वाजत होते आणि एलिहियोला मात्र करमत नव्हतं. शेंगदाणेवालाही घरी बसलेला, त्यामुळे पुडी नाही. कोंबडी पुन्हा मैदानात आली तर हसायला कुणी नाही. पिचर बदला म्हणणारा नसेल तर राहू द्या कुणाला म्हणायचं? सव्वीस वर्षं आपण खेळ बघायला जातोय असं त्याला वाटत होतं. जिंकायला लागल्यावर त्याला कळलं की आपण अपोलिनारला भेटायला जात होतो.

रविवारी दुपारी तो दुकानात शिरला. अपोलिनार तांदळाच्या पोत्यामागे रेडिओला कान लावून बसला होता.

"ऊठ. चल."

"डोकं ठिकाणावर आहे का? सलग तीन जिंकलोत! मी आलो आणि हरलो तर?"

"तर तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे? तुझ्यामुळे का नाही?"

"तेच घरी येताना ठरवू."

अपोलिनारनं जरा विचार केल्यासारखं केलं. पण टोपी आधीच त्याच्या डोक्यावर होती, दुकानात, सावलीत, भर दुपारी. त्यानं वाटेत खायला मूठभर शेंगदाणे कागदात बांधले आणि फळीला कुलूप लावलं. किल्ली आतच राहिली. "असू दे," तो म्हणाला, "उघडणारा बरोबर आहे."

त्या दिवशी खेकडे नऊ विरुद्ध एक असे हरले. पिचर बदलला नव्हता.

फिओर खिडकीत उभी होती. दुपार तिची एकटीची गेली होती आणि ती फार खुशीत होती. कारखान्याच्या वळणावरून दोन आवाज येऊ लागले, एक बसलेला, एक चढलेला, आणि दोन्ही एकाच वेळी बोलत होते.

"हरले वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं कॉफीत अपोलिनारच्या वाटणीचं पाणी वाढवलं.