काळा पडदा, पिवळी अक्षरं

कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी मास्तर डावा तळहात कपाळावर आडवा धरायचे. लांबून येणारी एसटी आपल्याच गावची आहे का, हे बघताना आपण धरतो ना, तसा. मग बटण दाबायचे आणि म्हणायचे, "आपल्या डोळ्याला सोसंल तसं करून घ्यावं. कुणाला विचारायची गरज न्हाई."

बीडच्या बसस्टँडजवळ लग्नपत्रिका छापून देणारं दुकान होतं. एसटीडी बूथवाले जुने बोर्ड उतरवून सायबर कॅफेचे बोर्ड लावत होते, ते दिवस. मास्तर आधी टायपिंगचा क्लास चालवायचे आणि मी त्यांचीच विद्यार्थिनी. क्लास बुडाला, मशीनं भंगारात गेली आणि आम्ही गुरू-शिष्य एकाच मालकाकडे नोकरीला लागलो.

दुकानातला कॉम्प्युटर जुनापुराणा. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाव काढलं की मालकांचा हात कपाळावरच्या विभूतीकडे जायचा. शेवटी मास्तरांनी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं. फुकट म्हणून मालक खूश, पाहिजे तसं बदलता येतं म्हणून मास्तर खूश. लिहायचे चार प्रोग्राम त्यांनी लावून बघितले. एकात जोडाक्षरं तुटायची, एकात अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळायची. दिसायला सगळ्यात गबाळा होता तो त्यांनी ठेवला. त्यात अक्षर हवं तेवढं फुगवता यायचं.

मग रोज काहीतरी नवीन. आज पडदा काळा, उद्या अक्षरं पिवळी. माउसचा बाण तर एवढा मोठा केला की मी म्हटलं, "मास्तर, शिकारीला निघालात का?" ते हसले, पण बाण काही लहान केला नाही.

मालकांनी हौसेनं कपिलधारच्या धबधब्याचा फोटो पडद्यावर लावून घेतला होता. मास्तरांनी तोही काढला.

"देवाच्या जागेचा फोटो काढला कावून?" मालक तडकले.

"पानी लई चमकतंय, मालक."

"अहो, पानी चमकनारच की!"

अखेर धबधबा खालच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढा राहिला. आम्ही सगळे याला मास्तरांचं खूळ म्हणायचो.

एकदा मी वैतागून विचारलंच, "एवढा अंधार करून काय मिळतं हो तुम्हाला?" दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "काचबिंदू हाय. डाक्टर म्हनले, गेलेलं परत येत न्हाई. पांढऱ्यावर मला आता काहीच उमटंना, पोरी. काळ्यावर पिवळं तेवढं दिसतंय."

"मालकांना सांगा ना," मी म्हटलं.

"न्हाई. टायपिंगची मशीनं भंगारात गेली, तवा ह्या वयात हे शिकलो. आता डोळेच भंगारात गेले, तर काय शिकू? हात चालतायत तवर चालू दे."

मग मालकांना मीही सांगितलं नाही. मजकूर मी वाचून दाखवायचा, त्यांनी टाइप करायचा, असं आमचं सुरू झालं. अक्षरं महिन्यामहिन्याला वाढत गेली. शेवटी शेवटी पडद्यावर एका वेळी 'चिरंजीव' एवढाच शब्द मावायचा. नवरदेवाचं नाव बघायला पडदा पुढे सरकवावा लागे.

त्या लग्नसराईत मी दोन दिवस रजेवर होते. परतले तर दुकानात शिरूर कासारचा एक कापडवाला उभा. त्याने पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

"मास्तर, ही माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका हाय का कुनाच्या तेराव्याची?"

मी एक पत्रिका उचलली. एकही चूक नव्हती. पण सगळी अक्षरं काळी होती. गणपतीसकट काळी. आपल्याकडे लग्नाची पत्रिका लाल छापतात, काळी छापतात ती मेलेल्या माणसाची. मास्तरांच्या पडद्यावर लाल काय न् काळं काय, सगळं पिवळंच दिसायचं. आणि कागदावर बघून फरक ओळखण्याइतकी नजर उरली नव्हती.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी कापडवाल्याला हात जोडले, चहा पाजला, त्याच दिवशी लाल छापून देतो म्हणाले. तो गेल्यावर हळूच विचारलं, "मास्तर, कधीपासनं दिसंना?"

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"या, बसत जा. गिऱ्हाइकाशी बोलत जा. पगार चालू राहील."

"बसून काय करू, मालक?"

दुसऱ्या दिवशी ते आले ते आवराआवर करायला. अक्षरं लहान केली, बाण लहान केला, धबधबा मोठा केला. कुठली बटणं किती वेळा दाबायची, सगळं हाताला पाठ होतं. मला रडू आवरेना. "राहू द्या ना तसंच. मी करीन त्याच्यावर काम."

"तुला कशाला माझा अंधार, पोरी?" शेवटी लिहायचं पान त्यांनी पांढरं केलं. "आलं का पांढरं?"

"आलं."

या वेळी हात कपाळावर गेला नाही. मांडीवरच होता. त्या पांढऱ्याकडे तोंड करून ते थोडा वेळ बसले आणि काठी चाचपत उठले.

परत ते दुकानात आले नाहीत. त्या प्रकरणापासून मालकांना मात्र सवय लागली. कुठलीही पत्रिका असो, छापायच्या आधी विचारणारच, "रंग बघितला का?"

दोन पावसाळ्यांनी मास्तर गेले. त्यांच्या तेराव्याची पत्रिका मीच केली. आधी पडदा काळा केला, अक्षरं पिवळी आणि मोठी केली. जमता जमता दुपार झाली. मग एका वेळी एक शब्द, असा सगळा मजकूर लिहिला. त्यांचं नाव एका पडद्यात मावलं नाही.

मालक मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नाही. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "रंग बघितला का?"

"बघितला," मी म्हटलं. "काळाच हाय."