मोठ्यानं सांगा

"मोठ्यानं सांगा," हे आमच्या संगणकाच्या सरांचं आवडतं वाक्य. म्हणताना ते हात कानामागे धरायचे. त्यांना उत्तम ऐकू यायचं, हे आम्हा सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं.

बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या शाळेत संगणक विभाग त्यांच्या ताब्यात. शाळेत येणारं सगळं इंटरनेट त्यांच्या टेबलाशेजारच्या एका पेटीतून यायचं, आणि मुलांना काय दिसावं, काय नाही, हे त्या पेटीत तेच भरायचे. खेळ बंद, सिनेमे बंद, इथवर ठीक. पण शरीराविषयीचं झाडून सगळं त्यांनी बंद केलं. काही उघडून हवं असेल तर भर वर्गात त्यांच्या टेबलापाशी उभं राहून कारण सांगायचं. जीवशास्त्राच्या बाई पुनरुत्पादनाचा धडा मागायला गेल्या, तर बिचारीला तो शब्द तीनदा म्हणायला लावला. मुलं हसून फक्त लोळायची बाकी होती. बाईंनी तो धडा फळ्यावरच उरकला.

चामराजपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी घर त्यांचं. मी बेळगावकडची, म्हणून माझ्यावर लोभ. डब्यातलं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, आधी माझ्या ताटलीत पडायचं. "अक्का, स्वल्प घ्या हो. आपण सगळं बंद ठेवलं म्हणून पोरं सरळ आहेत बघा." त्यांना ते खरंच वाटायचं. चित्रान्न झकास असायचं आणि मी ते खायचे.

एकदा माझा नववीचा वर्ग घेऊन मी संगणकाच्या खोलीत बसले होते. वर्गातली एक मराठी मुलगी त्यांच्या टेबलापाशी गेली.

"सर, एक पान उघडून द्या ना."

"कसलं?"

ती काहीतरी पुटपुटली. हात कानामागे गेला. "मोठ्यानं सांग. लाजायला काय झालं?"

"आईच्या स्तनात गाठ आहे. ती दवाखान्यात जात नाही. तिला वाचून दाखवायचंय."

मागे कुणीतरी खिदळलं, मग सगळीच पोरं. सर आवरतील असं मला वाटलं. ते स्वतःच हसू दाबत म्हणाले, "हे अभ्यासात येत नाही. जा, बस."

मी उठून पोरांना गप्प केलं, माझा फोन तिच्यापुढे धरला. तिनं घेतला नाही.

वर्गातल्या पोरांनी संध्याकाळपर्यंत ती गोष्ट तिच्या गल्लीत पोचवली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले, तर आईनं दारातच हात जोडले. "मला काही झालं नाही हो, टीचर. पोरीनं चारचौघांत अब्रू घालवली माझी." आता दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे गल्लीला कबुली देणं. ती गेलीच नाही. मुलीशी बोलणंही टाकलं.

मी सरांवर भडकले. "मी काय वाईट केलं, अक्का? नियम सगळ्यांना एकच," ते म्हणाले. मी त्यांच्या डब्याला पुन्हा हात लावला नाही. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं, माझ्या बोलण्याचं नाही.

वर्षभरानं देवनहळ्ळीच्या नव्या शाखेत ते मुख्याध्यापक झाले. निरोपाला डोक्यावर म्हैसुरी पेटा, अंगावर शाल, चंदनाचा हार. गुच्छ द्यायला दहावीत पहिली आलेली मुलगी बोलावली. तीच.

"अरे, तू! आई बरी आहे ना आता?" त्यांनी माईकवरच, अगदी प्रेमानं विचारलं.

"गेली, सर. दिवाळीत."

सर क्षणभर गडबडले. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "सर, इकडे!" त्यांनी पेटा सारखा केला, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला कॅमेऱ्याकडे वळवलं.

"हस की जरा," ते म्हणाले.

ती हसली.