तिसरं बोट

बाजारात त्याला सगळे दोनबोटे म्हणत. खरं आडनाव पोस्टमनसुद्धा विसरला होता. घोड्याचा तंग असो, बैलाचा गळपट्टा असो की कुणाच्या ढेरीचा कमरपट्टा, कापायला घेण्याआधी तो एकच गोष्ट सांगायचा, "पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत. एकच गेलं तर फास, तीन गेली तर फुकट." चाळीस वर्षं त्याने हेच सांगितलं, आणि चाळीस वर्षांत त्याचा एकही पट्टा परत आला नाही. याचा त्याला गर्व होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. माणसाकडे मिरवण्यासारखं काहीतरी असावं, आणि त्याच्याकडे तेवढं एकच होतं.

त्याची ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या दारात एक कुत्री आली. लहानपणी कुणीतरी गळ्यात बांधलेली सुतळी तशीच राहिली होती, कुत्री वाढली आणि सुतळी मांसात रुतली. ताईने नखं कापायच्या कात्रीने ती सुतळी धागा धागा करून सोडवली. सात दिवस लागले. जखम भरली, पण गळ्याभोवती केस नसलेलं एक कडं राहिलं. भांडं पडलं तरी कुत्री खाटेखाली जायची. ताई तिला बुजरी म्हणायची. दोनबोटे आला की ती तर हमखास आत सरकायची.

"तुझ्या हाताला कातड्याचा वास येतो रे," ताई हसायची. "तिला वाटत असेल, आता आपला नंबर."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ताई गेली. जायच्या आधी म्हणाली, "बुजरीला तुझ्याकडे ने. पण ओढत नेऊ नकोस. फार ओढलंय तिला लोकांनी." घरमालकाने खोली रिकामी करायला आठ दिवस दिले. आता ताईचा आवाज ओळखणारं, तिच्या हाका ऐकून कान टवकारणारं एवढं एकच जनावर जगात उरलं होतं. ते आपल्या दारात असावं, एवढंच त्याला हवं होतं.

तो पट्टा करायला बसला आणि पहिल्यांदाच त्याला काही सुचेना. चामडं नको, वास येतो. नायलॉनच्या कडा कापतात. साखळी वाजते. दाबून लावायचं प्लॅस्टिकचं कडं 'खट्' करतं, तेवढ्यानेही ती बुजेल. शेवटी त्याने खाटेची जुनी सुती नवार घेतली, ती धुऊन धुऊन मऊ केली आणि आतून खोगिराखाली घालतात तो लोकरीचा नमदा शिवला. बकलाच्या कडांनाही कापड गुंडाळलं.

"बत्तीस वर्षांत मला एक पिशवी शिवून दिली नाहीत," बायको म्हणाली.

"तुझ्या गळ्याला कुठे लागतंय?"

"लागत असतं तर दाखवलं असतं का मी?"

मग त्याने तो पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला आणि दिवसभर दुकानात बसला. "काय दोनबोटे, वहिनींनी शेवटी बांधलं वाटतं," गिऱ्हाइकं म्हणाली. तो मान वळवून, खाली घालून बघत राहिला. कुठे टोचत नव्हतं.

रोज दुपारी तो ताईच्या रिकाम्या खोलीत जाऊन जमिनीवर बसायचा. पट्टा बुजरीच्या गोधडीत ठेवायचा, म्हणजे त्याला तिचाच वास लागेल. मुदतीच्या सातव्या दिवशी ती खाटेखालून बाहेर आली आणि तिने गळा पुढे केला नाही, पण मागेही घेतला नाही. त्याने पट्टा बांधला. आत दोन बोटं घातली, अगदी बरोबर गेली. पण नमदा त्या बिनकेसांच्या कड्यावर टेकला आणि तिच्या अंगावरून शहारा गेला. ओढू नकोस, ताई म्हणाली होती. त्याने बकल एक भोक सैल केलं. तिसरं बोट आत गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःला म्हणाला, असू दे.

सगळं गाव ती त्याच्याबरोबर चालली. तो थांबला की थांबायची. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी दुकानाचं शटर धाडकन खाली ओढलं. बुजरी मागे सरली, डोकं खाली घातलं, कान चपटे केले. त्याने दोरी ओढली नाही. सैल सोडली. पट्ट्यातून आधी एक कान गेला, मग डोकं. बकल लावलेला पट्टा दोरीला लोंबकळत राहिला आणि ती दिसेनाशी झाली.

नऊ दिवस त्याने तिला शोधलं.

दहाव्या दिवशी कळलं, बुजरी ताईच्याच खोलीत आहे. तिथे आता कपडे इस्त्री करणारी एक बाई राहायला आली होती. तो रस्त्याच्या पलीकडून बघत होता. बुजरी इस्त्रीच्या टेबलाखाली उबेला झोपली होती. त्याचा वास आला असावा. ती उठली आणि भिंतीकडे सरकली.

बाई बाहेर आली. "तुमची का हो ही?"

"बहिणीची होती."

"घेऊन जायचंय?"

"नाही येणार ती."

"मग तुम्ही पट्टे करता ना, मामा? हिला एक द्या. बिनपट्ट्याची कुत्री उचलून नेतात हो. माझ्या हातून घालून घेईल."

त्याने नवा पट्टा शिवला, तीच नवार, तोच नमदा. चार दिवसांनी तो पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिला आणि बाई बाहेर आली तेव्हा पट्टा तिच्या हाती दिला. तिने टेबलाखाली वाकून तो बांधला.

"दोन बोटं घाला," तो पलीकडून म्हणाला.

"गेली."

"तिसरं?"

"नाही जात. पण अंग चोरतेय हो ती. एक भोक सोडू का? बिचारी आहे."

"बिचारी आहे म्हणूनच सोडू नका."

बाईने मान हलवली. बुजरीने दोनदा गळा झटकला, मग पुन्हा पायांवर डोकं ठेवलं.

"आत या ना मामा, चहा ठेवते."

"नको," तो म्हणाला. "मी आलो तर ती उठेल."