पुरानंतरचा धुरा

त्या पावसाळ्यात वरवट बकालच्या आमच्या वावरातून पूर गेला. कपाशी गेलीच, शेजाऱ्याच्या आणि आमच्या वावरांमधला धुराही, तो हद्दीचा बांध, वाहून गेला. त्या शेजारच्या वावराचे काका पारावर बसून सांगत, "कलियुग सरलं, बाबू. आता काहीच राहत नाही." आईनं धसका घेतला. मला मात्र संशय आला. एवढं वैराग्य आलेला माणूस रोज पहाटे खणायची सब्बल घेऊन वावरात कशाला जातो? एकदा मी मागोमाग गेलो. काका नव्या धुऱ्याचे दगड रोवत होते, चक्क आमच्या हद्दीत.

मी ओरडलो, "काका, हे आमचं वावर आहे!"

"जगच बुडून राह्यलं, बाबू," काका शांतपणे म्हणाले. "आता तुह्यं काय अन् माह्यं काय?"

आणि त्यांनी दगड आणखी खोल ठोकला.