बोरीच्या मुक्कामातली मावसबहीण

आमची चौघांची टोळी दोन वर्षं एकत्र काम करत होती आणि कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बोंडअळीनं कपाशी पोखरून काढली, ती वर्षं. शेतकऱ्यांच्या साध्या फोनवर रोज संध्याकाळी एका मिनिटाचा सल्ला जायचा: काय फवारायचं, काय नाही, बोंडाला भोक दिसलं तर काय करायचं. बोरी अरबचा एक तरुण शेतकरी शिवारातली खबर द्यायचा. झरी जामणीचे एक मास्तर ती तपासायचे. आणि लोहाऱ्याची एक बाई स्वयंपाकघराचं दार लावून, कुकरची शिट्टी चुकवत, तो सल्ला स्वतःच्या आवाजात भरायची. या सगळ्यांना यवतमाळात बसून फोनवर नाचवणारा मी.

आमच्या संस्थेच्या पुण्याच्या साहेबांचं फर्मान आलं: दोन दिवस एकत्र राहा, समोरासमोर बसा, पुढच्या हंगामाची आखणी करा. झालं! माझ्या अंगात नाटक कंपनीचा मालकच संचारला. मी मिनिटामिनिटाचा कार्यक्रम लिहिला. सकाळी ओळखीचा खेळ, मग शिवारफेरी, जेवणानंतर नकला. नकला अर्थातच माझ्या. पोळा उरकला होता, वेचणीला अवकाश होता, म्हणजे फटही नेमकी सापडली. बोरीवाला म्हणाला, "लॉज कायले पाह्यता? आमचं घर हाय ना."

मग त्याच्या वडिलांचा मला फोन आला. मुलाच्या तोंडून ऐकून आम्ही सगळेही त्यांना न पाहताच काकाजी म्हणायचो.

"कोण कोण येऊन राह्यले जी? तितक्या गाद्या काढाव म्हनतो."

"दोन मानसं अन् एक बाई, काकाजी."

"बाई आत झोपन, आमच्या घरच्या मंडळीजवळ."

बस, एवढंच बोलले ते. पण 'आत' हा शब्द ऐकला आणि माझं डोकं धावायला लागलं. बाई बौद्ध घरातली. काकाजींचं घर जुन्या वळणाचं, देवघर आणि चूल एकाच खोलीत, हे मुलाच्या बोलण्यातून कळलेलं. माझं स्वतःचं आडनाव असं की त्यावर कुणाची भुवई हलत नाही. त्या आडनावाच्या जोरावर मी फोनमध्येच हसत म्हणालो, "बाई म्हंजे काही परकी नाही काकाजी, माही मावसबहीणच हाय."

त्यांनी विचारलं नव्हतं. हे मी पुन्हा लिहितो, कारण पुढे कित्येकांना हा किस्सा सांगताना मी "त्यांनी खोदून विचारलं" असं घुसडत आलो. त्यांनी नाव विचारलं नव्हतं, आडनाव तर नाहीच. मी फोन ठेवला आणि स्वतःवर खूश झालो. एक बाई अपमानातून वाचवली, एक म्हातारा पापातून वाचवला, आणि दोघांनाही पत्ता नाही!

बोरीच्या स्टँडवर ती एसटीतून उतरली. फोनवरच्या आवाजावरून मी उंच बाई कल्पिली होती. ही ठेंगणी, चष्मेवाली, खांद्यावर कापडी पिशवी. मी मोठ्या थाटात वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "या ताई. दोन दिवस तुमी माह्या मावसबहीण."

"काहून?"

मी सांगितलं. हातवारे करून, रंगवून सांगितलं. मास्तर तेवढ्यात झरीहून पोचले होते, ते बूट पुसू लागले.

"ते काही म्हनाले काय?" तिनं विचारलं.

"नाही, पन..."

"मंग मी खोटं बोलनार नाही सर. तुमचं तुमी पाहा."

आणि ती चालू लागली. वाट तिला माहीत नव्हती, तरी पुढे तीच.

काकाजी ओट्यावरच बसले होते. तिनं पायऱ्यांशी उभं राहून नुसतं "नमस्कार" म्हटलं, आणि म्हातारा ताडकन उठला.

"अवो, हे तं आपली फोनवाली बाई!" घरात हाक गेली. मग त्यांनी तिचं पूर्ण नाव घेतलं, स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट, अगदी ती सल्ल्याच्या सुरुवातीला रोज म्हणायची त्याच चालीत. रोज! मी तो सल्ला रोज तपासून पाठवायचो. तिचं नाव इतक्यांदा कानावरून गेलं होतं की मला ऐकूच येत नव्हतं. आणि आमचा सल्ला कपाशीवाल्यांसाठी असतो, काकाजी कपाशीवाले आहेत, हेही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

काकाजी माझ्याकडे वळले. चेहरा अगदी भोळा.

"अन् तुमची मावसबहीण कुठी राह्यली जी? मांगून येऊन राह्यली काय?"

खरं बोलायला तेवढी जागा पुरेशी होती. मी म्हणालो, "तिले... ताप आला, काकाजी."

त्या तापानं मला दोन दिवस भाजलं. चहाला काकाजी विचारत, "उतरला काय?" जेवताना काकू विचारत, "काढा देल्ला काय तिले?" आखणीच्या बैठकीत मी काही सुचवलं की ती शांतपणे म्हणे, "बहिनीले विचारा ना सर, तिचं काय मत हाय?" मास्तर खोकत.

इथवर मी हा किस्सा चारचौघांत सांगतो आणि टाळ्या घेतो. यापुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ते दोन दिवस मी ताटं पाहत होतो. तिला निराळा पेला येतो का. पाणी वरून ओततात का. काकू तिला चुलीकडे येऊ देतात का, तिनं उष्टं उचललं तर मागून पाणी शिंपडतात का. आणि मी हे तिच्या काळजीनं करत नव्हतो. मला वाटत होतं, काहीतरी घडावं. एकदा तरी तिला कमी लेखावं त्यांनी, म्हणजे माझं खोटं खरं ठरेल, मी शहाणा ठरेन. माझ्या शहाणपणासाठी मला तिचा अपमान हवा होता.

दुसऱ्या दुपारी पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शाच्या ताटांवर आम्ही बसलो होतो. ती माझ्या समोर होती.

"काय पाहून राह्यले सर, कालपासून?"

"काही नाही."

"सापडलं काय?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं, खरंच उघडलं, आणि त्यातून बाहेर पडली ती काकाजींची नक्कल: "उतरला काय जी ताप?" हुबेहूब. मास्तरांना हसू आवरलं नाही. बोरीवालाही हसला.

ती हसली नाही. तिनं ताट उचललं, विसळायला आत नेलं, आणि आतून काकूंशी तिचं बोलणं सुरू झालं. शब्द मला कळत नव्हते. आवाज तोच, रोजचा.