एक मुक्काम पुढे

इथं येणाऱ्या भुताखेतांच्या अनुभवांखाली मी आजवर फक्त प्रतिक्रिया लिहिल्या आहेत, आणि त्याही बहुतेक खवचट. 'पांढऱ्या साडीतली बाई दर वेळी हायवेलाच का उभी असते, तिला एसटी मिळत नाही का' हे विचारणारा कुणाला आठवत असेल, तर तो मीच. आज लिहायची पाळी माझ्यावर आलीय. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही.

मी मुकुंदवाडीत राहतो. चिकलठाण्याच्या बाजूला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं... ग्रिल, गेट, पत्र्याचे शेड. तीस वर्षं वेल्डिंग केलं. देवाधर्माचं सगळं बायको बघते, माझा विश्वास मोजपट्टीवर. कंबर कुरकुरायला लागली तेव्हा वर्कशॉप भाच्याच्या हवाली केलं आणि एक जुनी स्कूल व्हॅन घेतली. सीट काढून टाकल्या, पिवळ्यावर पांढरा रंग मारला. पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी, सगळं स्वतःच्या हातानं बसवलं. गल्लीतले विचारायचे, "काका, काकूंनी घराबाहेर काढलं का?" मी म्हणायचो, काकूंसकट निघालोय.

कुठं जायचं यावर मात्र आमचं जमेना. मला कोकण बघायचं होतं. शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "गंगेच्या काठाकाठानं माझ्या माहेराला जाऊ." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. तिचं माहेर सोनपेठ तालुक्यात, अगदी काठावर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माहेर म्हणजे आता नुसतं कुलूप. वडील ती शाळेत असताना गेले, भाऊ पुण्यात स्थायिक. आई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली आणि शोभाला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्यानंतर ती गावाला गेलीच नव्हती. विषय काढला की म्हणायची, "मुराळी आल्याशिवाय कशी जाऊ?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सासुरवाशिणीला माहेराला न्यायला जो येतो तो मुराळी. भाऊ, बाप, चुलता, कुणीतरी. शोभाचा भाऊ तिच्यापेक्षा बराच लहान, वडील नाहीत, म्हणून तिची आई स्वतःच मुराळी होऊन यायची. लोक नावं ठेवायचे, ती ठेवू द्यायची. शोभा आईला 'बाई' म्हणायची, मी 'मामी'. पंचमीला आणि दिवाळीला मामी हटकून दारात उभ्या... विटकरी लुगडं, खांद्याला पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. फाट्यावर एसटीतून उतरलं की गाव चार-पाच किलोमीटर. शोभाच्या कडेवर आमची पोर, त्यामुळे ती हळू चालायची. मामी झपझप पुढे जायच्या आणि वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर सांगत जायच्या, लेक येतेय मागून, पाणी द्या, घटकाभर सावलीला बसू द्या. शोभा पोचायच्या आत तिची खबर पोचलेली असायची. हे तिनं मला शंभरदा सांगितलं असेल आणि मी शंभरदा 'हूं' म्हटलं असेल.

तर संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. रस्ता कोणता, मुक्काम कुठं, हे निघायच्या दिवशी सकाळी चहा पिताना ठरवलं. नाशिकला दिलेल्या आमच्या मुलीला सोडून कुणालाच काही सांगितलं नव्हतं, आणि तिलाही फक्त 'गावाकडे चाललोय' एवढंच.

पहिला मुक्काम पैठण. दुपारी चारच्या सुमारास घाटाच्या अलीकडे गाडी लावली. समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्या मावशींनी गाडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "आलात का? कालपासून वाट बघायलेय तुमची."

"आमची?" मी म्हणालो.

"पलंगाची गाडी तुमचीच ना? काल एक म्हातारी येऊन गेली. म्हणली, माझी लेक अन् जावई येणारेत, पांढऱ्या गाडीत पलंग हाय. लेकीच्या चहात आलं घालू नका, तिला पित्त व्हतंय."

शोभा बाकावरून उठून उभी राहिली. "कशी होती दिसायला?"

"विटकरी लुगडं. चष्मा दोऱ्यानं बांधलेला. लई घाईत व्हती, बसली बी नाय."

शोभाला आल्याचं खरंच पित्त होतं. माझ्या अंगावर काटाबिटा आला नाही, आधीच सांगतो. मला मुलीचा संशय आला. लगेच फोन लावला. ती आधी हसली, मग म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं बरे आहात ना?" मी फोन ठेवला आणि शोभाला म्हणालो की दोऱ्यानं चष्मा बांधणाऱ्या म्हाताऱ्या मराठवाड्यात पोत्यानं मिळतील. बिनआल्याचा चहा मात्र तिनं दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी बाराला शहागड. पुलाजवळ पेरूची गाडी उभी होती. आम्ही उतरतोय तोच पेरूवाल्यानं आपण होऊन एक पिशवी पुढे केली.

"सकाळीच येऊन गेल्या तुमच्या आई," तो शोभाला म्हणाला. "एकेक पेरू दाबून बघितला. म्हणल्या, लेकीला करकरीत लागतात, पिकला निघाला तर माझ्याशी गाठ हाय."

शोभानं एक पेरू काढला, तिथंच उभ्यानं चावला आणि रडायला लागली. पेरूवाला बिचारा घाबरून गेला. "कच्चा निघाला का ताई?" ती मान हलवत राहिली आणि खात राहिली.

तिथून पुढे माझी बायको बदलली. लग्न झाल्यापासून जिनं 'हळू चालवा'शिवाय दुसरं वाक्य गाडीत उच्चारलं नाही, ती सीटच्या कडेवर पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "अहो, जरा दाबा ना. काल ती एक दिवस पुढे होती, आज सकाळचीच गेलीय. गाठू आपण तिला." मी तिला समजावायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहून मिटलं. इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या कडेनं कुठलीही म्हातारी दिसली की ती काचेला नाक लावायची.

साडेचारला माजलगावजवळच्या मंजरथला पोचलो. गंगेला तिथं सिंदफणा येऊन मिळते. घाटावर नारळ विकणारे एक बाबा बसले होते. या वेळी शोभानंच विचारलं, गाडी थांबायच्या आत, काच खाली करून.

"व्हय, विटकरी लुगड्याची," बाबा म्हणाले. "घंटाभर झाला असंल. म्हणल्या, मी व्हते पुढं, लेकीच्या आधी घर गाठाया पायजे."

शोभानं पर्समधून कंगवा काढला आणि आरशात बघून केस सारखे केले. मग म्हणाली, "चाळीस-पन्नास किलोमीटर राहिलंय. दिवेलागणीला पोचू. आज ती घरीच सापडेल."

मी म्हणालो, "एक हेडलाइट धड नाही. रस्ता उखडलाय. आज इथं राहू, उद्या सकाळी जाऊ."

हेडलाइट दोन्ही ठणठणीत होते. पंधरा दिवसांपूर्वी मीच नवे बसवले होते. खरं कारण असं की मला भीती वाटली, आणि ती भुताची नव्हती.

आता जे लिहितोय ते मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलीला नाही, दोस्ताला नाही. त्या उन्हाळ्यात, मामी गेल्या त्याच्या आदल्या दुपारी, त्यांचा फोन माझ्या मोबाइलवर आला होता. शोभा गच्चीवर पापड वाळत घालत होती. मामींना धाप लागली होती. म्हणाल्या, "पाव्हणं, शोभीला घेऊन या. लई बघावं वाटायलंय." जिल्ह्याच्या हद्दी बंद होत्या. शोभाला शुगर. आमच्या गल्लीतून त्या आठवड्यात चार माणसं गेली होती. हिला तिथं नेलं तर आपणही हिला गमावून बसू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "उद्या आणतो मामी." आणि शोभाला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर ती पायी निघाली असती. पहाटे शोभाच्या भावाचा फोन आला. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणत वर्षं गेली.

तर मंजरथला मी पुन्हा 'उद्या' म्हणालो. शोभा भांडली नाही. जाळीच्या खिडकीशी बसून नदीकडे बघत राहिली आणि केलेली खिचडी तिनं तशीच झाकून ठेवली.

सकाळी आठला निघालो, दहाच्या आत गावात. घराच्या कुलपाला गंज चढलेला, उंबऱ्यावर कोळ्याची जाळी. आत कुणी गेल्याची काही खूण नव्हती. शोभानं तरी कडी वाजवली. दोनदा "बाई" म्हणून हाक मारली. मग तशीच वळून नदीकडे चालायला लागली, मी मागे.

काठाच्या मोकळ्या रानात मेंढरांचा कळप बसवला होता. एक मेंढकीण कोकरू धरून पाजत होती. फिरस्तीवरचं बिऱ्हाड, या गावचं कुणी नाही. तिनं आम्हाला पाहिलं आणि विचारलं, "म्हातारीची लेक का तू?"

शोभानं मान डोलावली.

"तवा आत्ता यायलीस व्हय," ती म्हणाली. "काल सांजच्यापून बसली व्हती ह्या दगडावर. म्हणलं आजी, गार वारं सुटलंय, घरी जा. तर नाय म्हणली. जावई म्हणलाय, उद्या आणतो लेकीला. म्या घोंगडी दिली. सकाळी बघते तर घोंगडी घडी घालून ठिवलेली अन् म्हातारी नाय."

शोभा वळली. "तुम्ही कधी म्हणाला होता, उद्या आणतो?"

काल मंजरथला म्हणालो तेच, असं सांगून सुटता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण ती ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेला खोटं सांगणं मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं, फोन, धाप, माझं उत्तर. सांगताना मी रडत होतो आणि ती रडत नव्हती.

ती जाऊन त्या दगडावर बसली. मेंढकिणीनं न सांगता घोंगडी आणून तिच्या मांडीवर ठेवली. शोभानं ती नाकाला लावली, बराच वेळ लावून ठेवली. मी चार हात लांब उभा. जवळ जायची माझी हिंमत नव्हती. दुपारी ऊन उतरायला लागल्यावर ती उठली आणि गाडीत मागे जाऊन पलंगावर बसली. मुकुंदवाडी येईपर्यंत पुढच्या सीटवर आली नाही.

येताना मी तपास केला, सवयच ती. फोनमधला मामींचा फोटो शहागडच्या पेरूवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "ह्याच की." पैठणच्या मावशी म्हणाल्या, चष्मा असाच होता, चेहरा नीट ध्यानात नाय. मेव्हण्याला फोन केला, तो दोन वर्षांत गावाला फिरकला नव्हता. महिन्यानं एकटाच बसनं पुन्हा गेलो. मेंढरं पुढे गेली होती, कुठं ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी थट्टा केली, कुठल्या भलत्याच म्हातारीची आणि आमची गल्लत झाली, असं एकेक मुक्कामापुरतं मी जोडून बघितलंय. जुळतंही. पण ते 'उद्या आणतो' वाक्य? फोनवर आम्ही दोघंच होतो. त्यातली एक गेली आणि दुसऱ्यानं तोंड उघडलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी खवचटपणा करणार नाही.

शोभा मला सोडून गेली नाही, घालूनपाडूनही बोलली नाही. पंधरा-वीस दिवस कामापुरतं बोलत होती. मग एका संध्याकाळी भाजी निवडताना तिनं विचारलं, "आवाज कसा होता तिचा?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आता हे रोजचं झालंय. मी पहिल्यापासून सांगतो... रिंग वाजली, मी उचलला, मामी 'पाव्हणं' म्हणाल्या, मग 'शोभीला घेऊन या' म्हणाल्या. 'शोभी' हे मी त्यांच्यासारखं म्हणायचा प्रयत्न करतो. मला जमत नाही, तरी ती डोळे मिटून ऐकते.

ऐकून झालं की विचारते, "आणि मग? पुढं काय म्हणाली?"

पुढचं माझ्याकडे काहीच नाही. त्या अजून बोलत होत्या, फोन मी ठेवला होता.